नांगराच्या छापामागचे हात

जुन्या चांदीच्या डबीच्या तळाशी जहाजाचा नांगर, पाऊल उचललेला सिंह, एक रोमन अक्षर आणि कुणाची तरी आद्याक्षरं दिसली, की तिचा कस इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला लागला, म्हणजे तिथे चांदीची शुद्धता तपासून हे ठसे मारले, असं समजावं. सिंह म्हणजे हजारात 925 भाग चांदी. अक्षर वर्ष सांगतं. जुलै 1900ला लहान लिपीतल्या ‘ए’पासून नवी फेरी सुरू झाली आणि तीत ‘जे’ गाळला, म्हणून ‘पी’ म्हणजे जुलै 1914 ते जून 1915. शेजारी व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असेल, तर तो कर भरल्याचा ठसा. तो 1890ला बंद झाला, तेव्हा वस्तू त्याआधीची.

खरा घोळ आद्याक्षरांपाशी होतो. ती घडवणाऱ्याचीच असतील असं नाही; कस लावायला माल पाठवणाऱ्याची असतात. लंडनच्या लिबर्टी या दुकानाची अक्षरं असलेल्या कितीतरी वस्तू आर्चिबाल्ड नॉक्सने रेखाटल्या आणि बर्मिंगहॅमच्या हॅसलरकडे घडल्या. उलटही होतं: बर्मिंगहॅमचे बरेच कारखानदार कस लावायला माल चेस्टर शहरात पाठवत, त्यावर नांगराऐवजी तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या येतात. नांगर नाही म्हणून बर्मिंगहॅम सोडून देऊ नये.

कारागीर शोधायचा तर बर्मिंगहॅमच्या हॉकली भागातल्या गल्ल्यांतच जायला हवं: व्हाइस स्ट्रीट, व्हिटोरिया स्ट्रीट, अल्बियन स्ट्रीट. समोर राहतं घर आणि मागच्या अंगणात एका खोलीच्या रुंदीची, दोन-तीन मजली, खिडक्याच खिडक्या असलेली कामाची इमारत. एकाच पत्त्यावर चार-पाच धंदे, कारण एक वस्तू अनेक हातांतून जायची.

चांदीची फोटोफ्रेम घ्या. ठसेकार पोलादात उलटी नक्षी कोरतो. दोराने वर ओढलेला जड घण त्या ठशावर सोडतात. घणाच्या तोंडाला शिशाचा साचा असतो, मध्ये पातळ पत्रा. एका घावात खोल नक्षी उठत नाही. दोन घावांमध्ये पत्रा तापवून नरम केला नाही, तर तो कोपऱ्यात फाटतो. फार तापवला, तर चांदीतलं तांबं पृष्ठभागाखाली काळवंडतं आणि उजाळा देताना जांभळट डाग वर येतो. मग कडा कापणं, डाक लावणं, सौम्य गंधकाम्लात धुणं. कस बहुधा उजाळ्याआधी लागे, कारण खरवडण्याने आणि ठोकण्याने वस्तूला खुणा पडतात. शेवटची झळाळी बहुतेक बायकांच्या हातची.

कारागिराच्या बाकाला अर्धगोल खाच, तिच्याखाली ताणलेलं कातडं. कानशीचा कीस त्यात पडे. जमिनीच्या फळ्यासुद्धा जाळून चांदी काढत. सोनारांच्या कचऱ्यातून सोनं-चांदी काढणाऱ्या आपल्याकडच्या झारेकऱ्यांना हे नवं वाटणार नाही.

कागदांत शोधताना केलीच्या व्यापारी सूचीपासून (धंदेवाल्यांची नावं-पत्ते देणारं जुनं छापील पुस्तक) सुरुवात करावी, पण नावाऐवजी गल्लीच्या पानावरून: त्या दारामागे आणखी कोण होतं ते तिथेच कळतं. छापायच्या आधीची माहिती असल्याने सूची थोडी मागेच असते, त्यामुळे लागोपाठच्या दोन-तीन वर्षांच्या पाहाव्यात. घरांचे क्रमांकही बदलले आहेत. जुना नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय पत्ता पक्का मानू नये.

सूचीत मालक सापडतो, मजूर नाही. त्यासाठी जनगणना. 1911च्या पत्रकांवर कुटुंबप्रमुखाचं स्वतःचं अक्षर असतं आणि माणूस मालक, नोकर की स्वतंत्र कारागीर, हेही कळतं. शोधताना नुसतं ‘चांदीकार’ टाकलं तर निम्मी माणसं निसटतात. ठसेकार, घण सोडणारा, डाक लावणारा, झळाळी देणारी, असं कामाकामाने शोधावं. 1921च्या पत्रकात तर मालकाचं नाव आणि कामाची जागाही लिहिली आहे. वडील रेल्वेत आणि सतरा वर्षांची मुलगी चांदीला झळाळी देणारी, अशा घरातही तिच्या ओळीतला मालकाच्या नावाचा रकाना शेवटपर्यंत वाचावा. वस्तूवरची आद्याक्षरं कधी कधी तिथे पूर्ण नावानिशी मिळतात.