व्हायटलवर भरदार पॅड बांधताना

व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर मी पॅड, म्हणजे मागे रेंगाळत राहणारा कॉर्डचा आवाज, बांधत होतो. त्यात युनिसनचा, म्हणजे एका सुराच्या किती प्रती एकत्र वाजवायच्या याचा, आकडा १६ पर्यंत नेता येतो, आणि सुरुवातीला मी तो थेट १६ वरच नेला. आवाज मोठा झाला, भरदार नाही झाला. नुसती सळसळ, मूळ सूर कानाला हुडकावा लागत होता.

मग ७ वर आलो. हा आकडा जुनाच आहे. रोलँडच्या १९९६ च्या जेपी-८००० सिंथेसायझरमधला 'सुपर सॉ' हा आवाज सात सॉ (करवतीच्या दात्यांसारख्या) लहरी एकमेकींपासून सुरात किंचित सरकवूनच बनतो. डबल रीडच्या पेटीत एक पट्टी दाबली की दोन रीड वाजतात आणि त्यांच्यातल्या बारीक फरकामुळे आवाज भरतो, तशातलाच प्रकार. पहिल्या ऑसिलेटरवर (लहर तयार करणारा भाग) 'बेसिक शेप्स' या वेव्हटेबलमधली (लहरींच्या तयार संचातली) सॉ, युनिसन ७, एवढ्यावर पाया झाला.

खरी गोम डिट्यूनमध्ये, म्हणजे प्रतींना सुरात किती सरकवायचं यात, आहे. मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ४४० हर्ट्झ, धरा. तिची एक प्रत १० सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर चढवली तर दोघींत सेकंदाला साधारण अडीच विस्पंद, म्हणजे आवाजाचे हेलकावे, पडतात. तेच १० सेंट ५५ हर्ट्झवर ठेवले तर एक हेलकावा पुरा व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. वरच्या सुरात हे डोलणं गोड लागतं. खाली मात्र बेस मधेच विरतो आणि पुन्हा उगवतो. मी तो कॉम्प्रेसरनं (आवाजातले चढउतार कमी करणारा इफेक्ट) सावरू बघत होतो, पण कॉम्प्रेसर काय करणार? दोन लहरी एकमेकींना खोडत असताना उरलेलं काही दाबून भरून निघत नाही.

उपाय म्हणजे तळ वेगळा काढणे. तिसऱ्या ऑसिलेटरवर साइन (साधी, गुळगुळीत लहर), ट्रान्सपोज −१२ म्हणजे एक सप्तक खाली, युनिसन १. हाच सब. त्याचं आउटपुट फिल्टरकडे न पाठवता 'डायरेक्ट आउट'वर ठेवलं, म्हणजे कोरस आणि रिव्हर्ब हे आवाज पसरवणारे इफेक्ट त्याला शिवत नाहीत. यातून नवीन भानगड झाली: चार सुरांची कॉर्ड दाबली की चार साइन एक सप्तक खाली गोळा होतात आणि सगळा चिखल. म्हणून मॉड्युलेटरमधला 'नोट' (दाबलेली पट्टी किती वरची ते सांगणारा) ओढून सबच्या लेव्हलवर उणे लावला. खालच्या पट्टीवर सब पूर्ण, वर जाल तसा कमी.

दुसरा ऑसिलेटर पहिल्याचीच नक्कल केला तर फुकट जातो. तिथे एक सप्तक वर स्क्वेअर घेतली, युनिसन ५, पातळी पहिल्याच्या निम्म्याखाली, डिट्यून मुद्दाम वेगळा. शिवाय 'रँडम १' (आपोआप, अनियमित बदलत राहणारा मॉड्युलेटर) पर्लिन या गुळगुळीत प्रकारावर ठेवून दोन्हींच्या फाइन ट्यूनला अवघे २-३ सेंट दिले. एवढंसं पुरतं, ५ च्या पुढे गेलं की बेसूर वाटायला लागतं.

फेजचं (लहर कुठल्या बिंदूवरून सुरू होते त्याचं) रँडमायझेशन मी एकदा शून्यावर आणलं होतं, प्रत्येक सूर सारखा सुरू व्हावा म्हणून. फसलं. सातही सॉ एकाच बिंदूवरून निघाल्या की पहिल्या क्षणी त्यांची बेरीज एका सॉच्या सातपट, म्हणजे सुमारे १७ डेसिबल वर जाते. विखुरलेल्या फेजमध्ये सरासरी पातळी साडेआठच वाढते. प्रत्येक सुराच्या तोंडाशी 'टक्' असा ठोका बसत होता. पॅडला रँडम फेजच हवी. ठरावीक फेज तुटक बेसला, तीही युनिसन १ असताना.

फिल्टर अ‍ॅनालॉग २४ डेसिबल, कटऑफ (ज्याच्या वरची कंपनं फिल्टर दाबतो) ३ किलोहर्ट्झच्या आसपास, अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंद. ड्राइव्ह, म्हणजे फिल्टरमधलं डिस्टॉर्शन (मुद्दाम आवाज फाडणं), अगदी थोडा. डिट्यून केलेला थवा डिस्टॉर्शनमध्ये घातला की प्रत्येक दोन कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांमधून नवी कंपनं जन्मतात आणि कॉर्डची वाळू होते. एकेरी लीडला (मुख्य धून वाजवणाऱ्या आवाजाला) डिस्टॉर्शन शोभतं, पॅडला नाही.

रुंदीसाठी डाव्या-उजव्यात १० मिलिसेकंदांचा फरक ठेवायची युक्ती अनेक जण सांगतात. हेडफोनवर ती झकास वाटते. मोनो करताच, म्हणजे डावं-उजवं एकत्र करताच, ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ओळीनं खड्डे पडतात, नेमके जिथे जाडी हवी तिथे. एकाच स्पीकरच्या फोनवर पॅड पोकळ वाजला तो याचमुळे. मी ती काढून युनिसनच्या स्टिरिओ स्प्रेडवरच (प्रती डाव्या-उजव्यात पसरवण्यावर) भागवलं. मोनोत रुंदी जाते, पण पोट राहतं.

आता हिशेब: एका सुराला १३ लहरी, चार सुरांना ५२, आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) लांब असेल तर आधीची कॉर्ड अजून वाजतच असते. लॅपटॉप अडखळला तर आधी रिलीज कमी करून बघा, मग युनिसन ५ वर आणा. ७ आणि ५ मधला फरक इतर वाद्यं वाजत असताना मला तरी ओळखता येत नाही.