माळकरी नाना आणि मोझेलचं साल

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि निफाड तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग. चाळीस वर्षं द्राक्ष पिकवली, पण बाटलीतलं द्राक्ष कधी ओठाला लावलं नाही. त्यामुळे २०२४ च्या सप्टेंबरात ते माझ्याकडे फ्रँकफर्टला आले, तेव्हा मोझेल नदीकाठच्या वाईनवाल्यांच्या घरी जायचं का, हे मी जरा चाचरतच विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "बाग बघायला काय हरकत? बाग ती बागच."

दिवस ठरला ३ ऑक्टोबर २०२४. जर्मनीत त्या दिवशी एकीकरणाची सुट्टी, आणि योगायोगाने घटस्थापना. गावाकडे आईने घट बसवले, नानांनी फोनवरच हात जोडले आणि मग आम्ही निघालो. परतीचं तिकीट ८ तारखेचं होतं. दसरा १२ ला, आणि दसऱ्यानंतर आमची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची. ती सोडून नाना जगात कुठेच थांबले नसते.

हुन्सऱ्युकचं पठार दीड-दोन तासांत संपतं आणि रस्ता एकदम खाली मोझेल नदीत उतरायला लागतो. कसारा उतरताना होतो तसा कानात दडा बसला. वळणावर नदी दिसली, नदीपलीकडचा डोंगर दिसला, आणि त्या डोंगरावर तळापासून माथ्यापर्यंत वेली. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही बाग नाही. हा कडा आहे. इथं माणूस उभा कसा राहतो?"

उभं राहणं खरंच अवघड आहे, ते मी दुपारी अनुभवलं. वेलेन गावासमोरच्या उतारावर काही जागी साठ-सत्तर टक्के चढ आहे. नदीच्या खालच्या अंगाला ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाची बाग आहे, ती साठ अंशांहूनही उभी. युरोपातली सगळ्यात उभी बाग म्हणून तिला ओळखतात. ट्रॅक्टर चालत नाही. दातेरी रुळावरून एक छोटं इंजिनाचं गाडं वरखाली जातं, त्यातून माणसं आणि द्राक्षाचे डबे न्यायचे. बाकी सगळं पायांनी आणि हातांनी.

ज्या घरी गेलो ते माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नात्यातलं. मोठं नावाजलेलं घराणं नव्हे, पाच हेक्टरची घरची शेती. म्हणजे बारा एकर, पण वीस-बावीस तुकड्यांत. "वाटण्या!" नाना लगेच म्हणाले. बरोबर, वाटण्याच. पिढ्यान्‌पिढ्या पोरांत समान हिस्से पडत गेले, लग्नात आणखी तुकडे आले. एक तुकडा या गावात, दुसरा पुढच्या. आजोबा सत्तरीच्या पुढचे, आणि गायझेनहाइमला वाईनचं शिक्षण घेऊन आलेली त्यांची मुलगी आता सगळं बघते. आजोबांनी नानांचे हात हातात घेतले, तळवे उलटे करून पाहिले, आणि मान डोलावली. जर्मन आणि मराठी यांच्यात मी दुभाषी होते खरी, पण पुढच्या चार तासांतला निम्मा वेळ माझी गरज पडली नाही.

पहिली गोष्ट, दगड. पायाखाली माती जवळपास नाहीच. निळसर काळी पाटीची खपली, स्लेट. लहानपणी लिहायची पाटी असायची ना, तोच दगड, फुटून फुटून पसरलेला. दिवसा तापतो आणि रात्री वेलाला ऊब देतो. पन्नासाव्या अक्षांशावर द्राक्ष पिकायचं तर ही ऊब लागतेच, शिवाय खालच्या नदीवरून परावर्तित होणारा उजेडही. नानांनी एक खपली उचलून गालाला लावली. "ऑक्टोबरात बी कोमट आहे."

"पाणी कुठून देता?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. देत नाहीत. मुळं दगडाच्या भेगांतून खोल जातात. उन्हाळा फारच कडक असला तर नवीन रोपांना तेवढं पाणी घालतात. आणि काही वेल स्वतःच्याच मुळावर उभे, खालती खुंट नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा किडीने युरोपातल्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलम करतात. या स्लेटमध्ये त्या किडीचं फारसं फावलं नाही, म्हणून मोझेलला असे जुने वेल अजून सापडतात. नाना एका जाड, पिळवटलेल्या खोडापाशी बसले. "आमची पहिली थॉमसन अशीच होती. डॉगरीज नंतर आला. हिला कुणी हात लावू नका म्हणावं." थॉमसन ही आमची द्राक्षाची जात, डॉगरीज हा आपल्याकडे वापरतात तो खुंट.

बांधणी वेगळी. आपल्याकडे तारा, वाय आकाराचे आधार, मांडव. इथे प्रत्येक वेलाला स्वतःचा एक उंच खांब. हिवाळ्यात छाटणीनंतर दोन काड्या ठेवतात, त्या वाकवून खाली बांधतात, तेव्हा वेलाचा पत्त्यांतल्या बदामासारखा आकार होतो. पूर्वी बांधायला विलोच्या ओल्या फांद्या वापरत. खांब एकेकटे असल्यामुळे मजूर उतारावर आडवा चालू शकतो. नानांना हे फार पटलं. मात्र घड पाहिल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"मणी एवढाच?"

इथली द्राक्षाची जात रीस्लिंग, तिचा मणी चिंचोक्यापेक्षाही लहान. आमच्याकडे एक्स्पोर्टचा माल १८ मिलिमीटरच्या खाली गेला की व्यापारी तोंड वाकडं करतो. "जीए देत नाहीत?" नानांनी विचारलं. जिबरेलिक अॅसिडात घड बुडवून मणी फुगवणं त्यांच्या हाताचं काम. मुलीला वाटलं, मी भाषांतरात काहीतरी चुकले. मग तिने समजावलं. वाईनला मण्यातलं पाणी नको असतं. चव आणि वास सालीत आणि सालीलगत असतो, मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. उलट तेही घड कमी करतात. जास्त लागले तर उन्हाळ्यात अर्धे कापून जमिनीवर टाकतात, घडाभोवतीची पानं काढतात. इथे नानांनी मान डोलावली. विरळणी त्यांना कळते. फक्त ती कशासाठी, तिथे दोन बागांची वाट वेगळी होते.

एका पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी होती. नाना म्हणाले, "डावणी." आजोबा म्हणाले, "पेरोनोस्पोरा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सारखाच उसासा टाकला. पावसाळी वर्ष होतं ते. त्याच्या आधी गारठा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इतकी ऊब पडली की वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, लवकर फुटले, आणि २२ एप्रिलच्या रात्रीनंतर पारा शून्याखाली गेला. थंड हवा जड, ती दरीत, ओढ्याकाठी उतरते. वरचे तुकडे वाचले, खालचे काळे पडले. नंतर दुय्यम डोळे फुटले, पण त्यांवर घड थोडेच. "मग शेकोट्या नाही पेटवल्या?" नानांनी विचारलं. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचावर आला की आम्ही रात्रभर बागेत धूर करतो, नाहीतर मण्याला तडे जातात. इथेही काही जण मेणाचे डबे पेटवतात, पण वीस तुकड्यांत कुठे कुठे पेटवणार?

मग आजोबांनी खिशातून एक नळी काढली आणि नाना हसले. ब्रिक्स मीटर, रसाची गोडी मोजायचं! नानांच्या बंडीच्या खिशात तसलंच असतं. मणी चिरडून थेंब काचेवर टाकला, नळी नानांच्या डोळ्याला लावली. रेषेजवळचा आकडा होता ८२. नाना दचकले. एक्स्पोर्टला आमच्याकडे १८ म्हणजे भरपूर. हे माप ओक्सले नावाचं, फोर्झहाइमच्या एका कारागिराच्या नावावरून पडलेलं. ढोबळमानाने चाराने भागलं की आपलं ब्रिक्स येतं. नानांनी मनात भागाकार केला आणि मणी तोंडात टाकला. साल चावली, बी चावली. बी चावून पाहणं मी लहानपणापासून बघतेय. "गोडी आहे, पण आंबट सोडत नाही. खारकेत कैरी घातल्यावानी."

त्याच ओळीत तोडणारी पोलिश बाई दोन बादल्या घेऊन होती. मोठीत घड, छोटीत सुरकुतलेले, तपकिरी, बुरशी धरलेले मणी, एक एक वेचून. नानांना वाटलं, हा फेकायचा माल. मी सांगितलं की जास्त भावाचा हाच. सकाळी धुकं, दुपारी ऊन असं जुळलं तर बोट्रायटिस बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडतं, गोडी आटून राहते. पाऊस लागून राहिला तर हीच बुरशी आंबट सड होते आणि घड फेकावा लागतो. नानांनी छोटी बादली नाकाशी धरली, वास घेतला, परत ठेवली. "सडकं विकून पैसा करतात. आपल्याला अजून लई शिकायचं आहे." हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तळघरात अंधार, गारवा आणि भिंतीवर काळी मखमली बुरशी. हजार लिटरचे लाकडी पिंप, त्यांना फुडर म्हणतात. रस हवेतल्या, तळघरातल्या यीस्टवरच सावकाश आंबतो, कधी कधी वसंत ऋतूपर्यंत. नानांना ताजा, न आंबलेला रस पेला भरून मिळाला. माझ्यापुढे सहा ग्लास. वडिलांसमोर पहिल्यांदाच. मी ग्लास उचलेना, तेव्हा नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "घे. त्यांनी काढलंय. पाहुण्याचा मान असतो."

बाटलीवरच्या सालाला जर्मनीत 'यारगांग' म्हणतात. मी नानांना नुसतं 'साल' म्हणाले. शेतकऱ्याचा शब्द तोच, "यंदा साल कसं?" २०१८ चं साल उन्हाचं आणि भरघोस: पिकलेल्या पीचसारखं, गुबगुबीत, लगेच आवडणारं. २०२१ थंड आणि ओलं, डावणीने जेरीस आणलेलं, आणि ग्लासात सगळ्यात धारदार. लिंबाची साल, ओला दगड. मला तेच आवडलं. २००३ चा उन्हाळा युरोपभर भयंकर होता, त्या वाईनला आता मधाचा जाडपणा आहे, आंबटपणा कमी पडलाय. २०१० चं तर इतकं आंबट होतं की अनेकांना ते कमी करावं लागलं. चौदा वर्षांनी ते आत्ता कुठे बसलंय. एकच डोंगर, एकच वेल, एकच घर. चवीतला फरक त्या त्या वर्षीच्या आभाळाचा.

लेबलवर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे असे, कमी गोडीकडून जास्त गोडीकडे जाणारे, शब्द असतात. १९७१ च्या कायद्याने तोडणीच्या वेळच्या गोडीवर ही उतरंड ठरवली. मला ती आता जराशी हास्यास्पद वाटते. जुन्या काळी आंबट द्राक्ष पिकवणं हेच दिव्य होतं, तेव्हा गोडी म्हणजे गुण. आता उन्हाळे असे तापतात की मुलगी म्हणाली, हलकं, खरं काबिनेट काढणंच अवघड झालंय. आणि आइसवाइन, म्हणजे उणे सात अंशांवर वेलावरच गोठलेली द्राक्षं तोडून केलेली वाईन. २०१९ च्या हंगामात जर्मनीतल्या तेराही वाईन-प्रांतांत कुठेच तेवढी थंडी पडली नाही, एक थेंब निघाला नाही.

शेवटची बाटली आजोबांनी विचारून काढली. नानांना कोणतं साल लक्षात आहे? नानांनी विचार केला नाही. "२०१४. गारपीट."

तेव्हा मी पुण्यात होते. फोनवर नाना फक्त एवढंच बोलले होते की बागेत चालताना मणी पायाखाली फुटतायत. तोडणीला आठ दिवस राहिले होते.

आजोबा आत गेले आणि २०१४ घेऊन आले. इथेही ते वाईटच साल. ऐन तोडणीत पाऊस, वर नवीन आलेली ठिपक्याच्या पंखाची फळमाशी. सडायच्या आत घाईघाईने, मणी निवडून निवडून तोडावं लागलं. थोडीच वाईन झाली, पण भरली, साल छापलं, मांडणीत ठेवली. नानांनी बाटली हातात घेऊन लेबलवरून अंगठा फिरवला. प्यायले नाहीत. मी प्यायले. बरी होती, थोडी पातळ, शेवटी कडसर.

परतताना नाना बोलत नव्हते, म्हणून मीच बडबडत होते. ट्रिअर इथून जवळ. कार्ल मार्क्स तिथला, आणि १८४३ मध्ये त्याने वर्तमानपत्रात मोझेलच्या द्राक्षवाल्यांच्या हलाखीवर लिहिलं होतं. प्रशियाच्या जकात संघात दक्षिणेकडची वाईन आली, भाव कोसळले आणि सरकार म्हणालं, तुमचंच चुकतंय. नाना एकदम जागे झाले. "लासलगावला यायला पाहिजे होता तो."

हायवेला लागल्यावर त्यांनी भावाला फोन लावला. घट नीट बसले का, कुत्र्याचं कसं आहे, मजूर किती मिळतायत. "पाऊस आहे का? मग बाराला धरू नका. पंधरा-सोळाला छाटू, मी येतो." थोडं थांबून, "आणि ऐक, खालच्या बांधाकडची ती जुनी थॉमसन काढायची म्हणत होतास ना? मी आल्याशिवाय हात लावू नको."

घरी आल्यावर कोटाच्या खिशातून त्यांनी स्लेटची एक खपली काढून खिडकीत ठेवली. तोवर ती गार झाली होती.