भेटीचा रविवार

१९८५ च्या जूनमध्ये बाबांनी मला पाचवीला नगरला या शाळेच्या बोर्डिंगात घातलं. पत्र्याची ट्रंक खोलीपर्यंत आणून ठेवली, "महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो" म्हणाले आणि नेवाशाची एसटी धरायला निघून गेले. बाबा गवंडीकाम करायचे. जुलैच्या रविवारी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले. ऑगस्टच्या रविवारी आले नाहीत.

उपासना सुटल्यापासून मी फाटकाला टेकून उभी होते. मुलींचे आईवडील येत होते, डबे उघडत होते, पोरींच्या डोक्याला तेल लावत होते. चारच्या सुमाराला अंगण रिकामं झालं. बोर्डिंगच्या बाईंनी मला आत बोलावलं. "येतील हं" असं त्या म्हणाल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सूप ठेवलं आणि त्यात जोंधळे ओतले. "उद्याच्या भाकरीचे आहेत. नीट निवड." मी रडत होते आणि निवडत होते. झाले म्हणून सांगितलं, तर बाईंनी सूप हातात घेऊन एकदा घोळलं आणि कडेला आलेला काळा खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा उद्या कुणाच्या तरी दाताखाली आला असता. वाट बघ बाबांची, खुशाल बघ. पण म्हणून हातातलं काम खोटं करायचं नाही."

बाबा बुधवारी आले. स्लॅबचं काम चालू होतं, मध्येच सोडून येता येईना.

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा शाळेचा निरोप आला, तेव्हा बक्षिसं, स्नेहसंमेलनं, सहली यांच्या आधी मला तो खडा आठवला. माझं पुढचं आयुष्य बहुतेक वाट पाहण्यातच गेलं. त्याविषयीच लिहिते. बोर्डिंगातल्या आजच्या मुलींपैकी कुणाच्या वाट्याला असं आलं, तर तिनं हे वाचलेलं असावं.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बाई आम्हाला नगरच्याच बायकांच्या गोष्टी सांगायच्या. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेहून एकट्या, बिनलग्नाच्या मुंबईत आल्या, पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथंच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या. पण बाईंचा जीव होता तो लक्ष्मीबाई टिळकांवर. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. मधल्या वर्षांत ताटातूट झाली, लोकांची बोलणी ऐकावी लागली. नवऱ्याजवळ परत आल्या तरी केवळ त्याच्यासाठी म्हणून त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, स्वतःच्या मनाला पटेपर्यंत थांबल्या. बाई म्हणायच्या, "ती पाच वर्षं वाया गेली असं समजू नका गं." मी तेव्हा अकरा वर्षांची. पाच वर्षं म्हणजे काय ते कळण्याचं माझं वय नव्हतं.

१९९१ला दहावी झाले, पुढं बी.ए., बी.एड. आईच्या आजारपणात काही वर्षं घरीच गेली. २००२ साली पाथर्डी तालुक्यातल्या एका नव्या माध्यमिक शाळेत लागले. शाळा कायम विनाअनुदानित. सरकारनं आदल्याच वर्षी ठरवलं होतं की नव्या शाळांना परवानगी मिळेल, अनुदान मिळणार नाही. तरी आम्ही सगळे आशेवर होतो. संस्था जमेल तसं मानधन द्यायची, कधी हजार, कधी पंधराशे, आणि सलग सहा महिने काहीच नाही असंही झालं. मला जगवलं ते नगरच्या आपल्या शाळेतल्या शिवणाच्या तासानं. साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचे, ब्लाउज शिवायचे. काजं करताना टाका जवळजवळ घ्यायचा, दोरा ओढून धरायचा नाही, हे बाईंनी माझ्या बोटांना शिकवलं होतं. भाडं त्यावर निघायचं.

त्याच वर्षांत स्थळंही येत होती. पाहायला आलेले लोक भले असत. चहा व्हायचा, प्रार्थना व्हायची, मग वराचे मामा किंवा काका विचारायचे, "पगार किती?" खरं सांगितलं की पुढं निरोप येत नसे. एका सहकाऱ्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. माणूस सज्जन होता आणि मला आवडत होता, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. पण तो आमच्या ख्रिस्ती विश्वासातला नव्हता. रात्री झोपण्याआधी दोघांनी मिळून गुडघे टेकावेत एवढीच माझी संसाराची कल्पना होती, ती त्याच्यासाठी मोडून मी सुखी झाले नसते आणि त्यालाही सुखी केलं नसतं. मी नाही म्हटलं. त्या रात्री खूप रडले.

मंडळीतल्या काही जणी म्हणायच्या, "प्रार्थना कमी पडत असेल," "मनात काही पाप अडलंय का बघ." ज्यांनी म्हटलं त्यांच्याविषयी माझ्या मनात आता काही नाही, पण आपल्या चर्चमधल्या सगळ्या मावश्यांना हात जोडून सांगते, वाट पाहणाऱ्या मुलीला असं बोलू नका. शमुवेलाची आई हन्ना मंदिरात कळवळून प्रार्थना करत होती, तेव्हा एली याजकाला ती दारू प्यालीय असं वाटलं. याजकाचीसुद्धा चूक होते. तिच्या शेजारी नुसतं बसा, तेवढं पुरतं.

काही महिने माझी प्रार्थनाच आटली. शब्द सुचेनात. मग मी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणायचे, तीही 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथपर्यंत. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली ओळ, पण त्यातला 'आज' मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. पुढच्या महिन्याचं, पुढच्या वर्षाचं मागायला प्रभूनं शिकवलेलंच नाही. मी आजचं मागू लागले. आजचे चार तास, आजचे तीन ब्लाउज.

आता हजेरीपटाचं. पाथर्डीकडची माहिती असणाऱ्यांना सांगायला नको, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये संसार भरला जातो आणि पोरंही आईबापाबरोबर कारखान्याला जातात. वर्ग निम्मे होतात. काही मुलं मार्चला परत येतात, काहींची शाळा तिथंच सुटते. २००९ साली आमच्या शाळांमागचा 'कायम' शब्द सरकारनं काढला आणि अनुदानाची आशा खरोखर निर्माण झाली. अनुदानाला पट लागतो. वरून सूचना आली, गेलेल्या मुलांची नावं कमी करू नका, तेवढं हजर मांडा.

माझ्याकडं आठवी होती. पटावर एकेचाळीस, वर्गात सव्वीस. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. खोटं मांडलं असतं तर कुणाच्या खिशातले पैसे जाणार नव्हते असंच वाटत होतं. उलट मांडलं नाही तर चौदा सहकाऱ्यांची सात-आठ वर्षांची वाट माझ्यामुळं लांबणार होती. त्यांच्या घरी लहान मुलं होती, म्हातारे आईबाप होते. ते माझ्यावर चिडले, आणि त्यांचं चिडणं मला आजही समजतं. पण मला सुपातला तो खडा दिसत होता. जी पोर साखर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत धाकट्या भावाला सांभाळतेय, तिला मी इथं वर्गात हजर मांडलं, तर ती गेली आहे हेच कुणाला कळणार नाही. तिला शोधायला कोण जाईल? मी पंधरा नावांपुढं 'गै.' लिहिलं.

वर्गशिक्षकपद गेलं. वर्षभर स्टाफरूममध्ये माझ्याशी कामापुरतंच बोलणं होतं. दर रविवारी उपासनेनंतर मी वस्त्यांवर जाऊ लागले. मागं राहिलेल्या आज्यांना म्हणायचे, पोरीला तुमच्याजवळ ठेवा, वह्यापुस्तकांचं मी बघते. पहिल्या वर्षी दोघी थांबल्या. दुसऱ्या वर्षी पाच.

२०११च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. अधिकारी आले, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली. त्या वर्षी वर्गशिक्षकपद पुन्हा माझ्याकडं आलं होतं, नववीचं. तिचा पट जुळला. आनंद झाला असं म्हणवत नाही. शेजारच्या वर्गातल्या बाईंचे हात थरथरत होते. ज्यांनी वर्षभर माझ्याकडं पाहिलं नव्हतं, त्याच या. मोजणी चालू असताना मी त्यांच्यासाठी मनात प्रार्थना करत होते, आणि माझ्या आटलेल्या प्रार्थनेला त्या दिवशी पाणी लागलं, याचं मला आजही नवल वाटतं.

अनुदान काही लगेच आलं नाही. सहकाऱ्यांबरोबर मी मुंबईला आझाद मैदानावर दोनदा जाऊन बसले. २०१६ साली वीस टक्के मिळालं, पुढचे टप्पे सावकाश. पूर्ण पगार अजून व्हायचा आहे. लग्न झालं नाही. वयाच्या पन्नाशीत त्याविषयी मागणं सोडलं का, असं कुणी विचारलं तर सांगेन, सोडलेलं नाही, फक्त ते आता माझ्या प्रार्थनेत पहिलं येत नाही. काही रविवारी चर्चमध्ये जोडप्यांच्या मागच्या बाकावर बसताना अजून दुखतं. दुखलं तर प्रभूला तसंच सांगते.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शेवटी भेटले तेव्हा त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली, सुईनं पडलेले घट्टे त्यांना लागले. "शिवतेस अजून?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी हात सोडला नाही.

या दिवाळीनंतर नववीतल्या एका मुलीचं बिऱ्हाड ट्रकमध्ये भरलं जात होतं, तेव्हा मी वस्तीवर होते. आजी दारात बसून होती. तासभर तिच्याजवळ बसले, फार बोलले नाही. तिच्यापुढं सूप होतं, मीही निवडायला लागले. ट्रक सुरू झाल्यावर आजी उठली, मागं जाऊन पोरीचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी खाली उतरवून घेतली.

सोमवारी तिच्या नावापुढं मी हजर मांडलं.

माजी विद्यार्थिनी, दहावी १९९१