तुम्ही विचारलंत म्हणून: इंडीकारचं पुढे काय होणार?

"ते तुझं इंडीकार, ती अमेरिकेतली कार रेसची मालिका, अजून चालू आहे का, आणि चालू असेल तर टिकणार आहे का?" पुण्याला फोन केला की मित्र विचारतात, इथे गणपतीला जमलेली मंडळी विचारतात, एफ-वन बघणारी त्यांची पोरं तर हमखास विचारतात. मी राहतो कोलंबसमध्ये, ओहायोतलं नाही, इंडियानातलं. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे असल्यामुळे पुणेकर भरपूर, आणि इंडियानापोलिसचा स्पीडवे (रेसचा ट्रॅक) गाडीने साधारण तासाभरावर. दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

तर टिकेल. पैशाच्या बाजूने बघितलं तर बऱ्याच वर्षांत इतकी बरी परिस्थिती नव्हती. २०२५ मध्ये सगळ्या १७ रेस फॉक्सच्या मुख्य चॅनलवर लागल्या, त्या वर्षीची इंडी ५००, म्हणजे मे महिन्यात स्पीडवेवर होणारी पाचशे मैलांची मुख्य रेस, अमेरिकेत सुमारे ७० लाख लोकांनी बघितली, २००८ नंतरचा सगळ्यात मोठा आकडा, स्टँडमधली सगळी तिकिटं संपली, आणि जुलैच्या शेवटी फॉक्सने मालिकेची मालक कंपनी पेन्स्के एंटरटेनमेंटमध्ये एक-तृतीयांश हिस्साच विकत घेतला. दुकान बंद होणार ही भीती मला नाही. टिकताना ही मालिका काय होऊन टिकेल, ही आहे.

फॅन लोकांच्या तक्रारी तशा पुष्कळ आहेत. गाडी जुनी झालीय, डलाराची डीडब्ल्यू-१२ ही २०१२ पासून धावतेय, (ड्रायव्हर डॅन व्हेल्डनच्या नावावरून डीडब्ल्यू, तो २०११ ला लास वेगासच्या रेसमध्ये अपघातात गेला), त्याच सांगाड्यावर २०२० ला एअरोस्क्रीन, म्हणजे ड्रायव्हरसमोरची संरक्षक काच, बसवला, २०२४ च्या जुलैत मिड-ओहायोला हायब्रिड बसवलं, वजन वाढत गेलं आणि छोट्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) पुढच्या गाडीच्या मागे राहून ओव्हरटेक करणं अवघड होत गेलं. नवी गाडी आता २०२८ ला येणार म्हणतात. सीझन ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि मग मार्चपर्यंत काहीच नाही, तोवर निम्मे लोक विसरून जातात. अलेक्स पालो एकटाच जिंकत सुटलाय, २०२५ मध्ये १७ पैकी ८ रेस आणि चौथं विजेतेपद, याचा काहींना कंटाळा येतो, मला अजिबात येत नाही, इतकं स्वच्छ ड्रायव्हिंग बघायला मिळणं हे भाग्य आहे. कोल्टन हर्टासारखा मुलगा एफ-वनच्या आशेने इथलं सगळं सोडून एफ-टू मध्ये, म्हणजे एफ-वनच्या खालच्या पायरीवर, जातो, ते मात्र मनाला लागतं.

या सगळ्यावर उपाय आहेत. गाडी नवीन येईल, कॅलेंडर बदलेल, पालोला हरवणारा कोणीतरी उगवेल. मला झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे आणि ती म्हणजे राखीव जागा.

जरा मागून सांगतो. इंडी ५०० मध्ये ३३ गाड्या धावतात. ३४ वी आली तर एकाला घरी जावं लागतं, याला बंप होणं म्हणतात. क्वालिफाय करायचं म्हणजे अडीच मैलांच्या ट्रॅकवर एकट्याने सलग चार लॅप आणि त्या चारांची सरासरी. अडीच मिनिटांच्या जरा वर लागतात. टीव्हीवर हे अगदीच सपक दिसतं, एकटी गाडी गोल फिरतेय, पण वळणाजवळ जाऊन बसा. पहिला लॅप सगळ्यात वेगाचा येतो, दुसऱ्यापासून टायर उतरायला लागतात, तिसऱ्यात गाडीचं नाक वळणात आत यायला तयार नसतं आणि ड्रायव्हर कॉकपिटमधून अँटी-रोल बार आणि वेट जॅकरशी (गाडीचा तोल बदलायच्या कळांशी) खेळत असतो, ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास, आणि चौथ्या लॅपला पहिल्या वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की नाही हे इंजिनाच्या आवाजावरून तुम्हाला बसल्या जागी कळतं. आवाज एक क्षण जरी बसला तरी अख्खा स्टँड 'ओह' करतो. आणि शनिवारी तर दोन रांगा असतात. आधीचा टाइम सोडून द्यायची तयारी असेल तर पहिल्या रांगेत लागायचं, लवकर नंबर येतो, नाहीतर टाइम हातात ठेवून दुसऱ्या रांगेत थांबायचं आणि ऊन उतरून ट्रॅक थंड व्हायची वाट बघायची. मी लोकांना त्या रांगेत उभं राहून घामाघूम होताना बघितलंय, गाडी बंद असताना.

२०१९ चा तो रविवार मी तिथे होतो. पावसाने उशीर झालेला, शेवटच्या तीन जागांसाठी सहा गाड्या, प्रत्येकाला एकच संधी. त्यात फर्नांडो अलोन्सो, दोनदा एफ-वनचा विश्वविजेता, मॅक्लारेनची गाडी. आणि सगळ्यात शेवटी ट्रॅकवर आला कायल कायझर, हुनकोसच्या छोट्याशा टीमचा, ज्यांचे स्पॉन्सर गेलेले आणि शुक्रवारी गाडी फुटलेली, पोरांनी ती पुन्हा उभी केली होती. कायझरची सरासरी २२७.३७२ मैल, अलोन्सोची २२७.३५३. झालं, अलोन्सो बाहेर. माझ्या शेजारी एक वयस्क बाई होत्या, त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, त्या कायझरच्या कोणी नव्हत्या, मॅक्लारेनच्याही नव्हत्या. त्याच दिवशी बाहेर गेलेल्यांत एक वीस वर्षांचा मेक्सिकन मुलगा पण होता, पाटो ओवॉर्ड. तोच पुढे २०२२ ला आणि २०२४ ला दुसरा आला, २०२४ ला तर शेवटच्या लॅपला न्यूगार्डनने त्याला गाठलं. आज स्टँडमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याच्यासाठी होतो आणि मला वाटतं त्यामागे तो बंप झालेला दिवस पण आहे.

आता राखीव जागांकडे येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये इंडीकारने चार्टर आणले, दहा टीमना मिळून २५. चार्टर असेल तर इतर रेसमध्ये तुमची जागा पक्की. इंडी ५०० त्यातून वगळलीय आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण दर वेळी मोठं नाव बंप झालं की चर्चा पुन्हा सुरू होते, २०१८ ला जेम्स हिंचक्लिफ बंप झाला तेव्हा झाली, पुढेही होणार. टीम मालकांचं म्हणणं मला कळतं, ते खोटं नाही. वर्षभराचा स्पॉन्सर पैसे देतो तो मुख्यतः मे महिन्यासाठी, आणि त्याच रेसमध्ये गाडी नसेल तर छोटी टीम त्या एका दुपारी संपू शकते. चार्टरला बाजारात किंमत यायची असेल तर त्यात इंडीची हमी असावी असं त्यांना वाटणारच. पण अडचण अशी की हा प्रयोग आधी झालाय आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

१९९६. टोनी जॉर्जने, म्हणजे स्पीडवेच्या मालक घराण्यातल्या माणसाने, इंडी रेसिंग लीग काढली, कारण तेव्हाच्या कार्ट या मुख्य मालिकेत स्ट्रीट सर्किट आणि परदेशी ड्रायव्हर वाढत चालले होते आणि ओव्हल मागे पडत होते. त्याची काळजी चुकीची होती असं मी म्हणणार नाही, माझीही अर्धी काळजी तीच आहे. पण त्याने ३३ पैकी २५ जागा आपल्या लीगच्या लोकांसाठी राखून ठेवल्या. कार्टच्या टीम म्हणाल्या मग आम्ही कशाला येऊ, आणि त्याच दिवशी मिशिगनला त्यांनी स्वतःची ५०० मैलांची रेस ठेवली, तिथे हिरवा झेंडा पडायच्या आधीच मोठी टक्कर झाली. १९९७ मध्ये राखीव जागांमुळे जास्त वेगाच्या दोन गाड्या बाहेर पडत होत्या म्हणून शेवटी ३५ गाड्या सोडाव्या लागल्या, आणि मग तो नियमच गेला. भांडण मात्र २००८ पर्यंत चाललं. कार्टचं दिवाळं निघालं, लीगची रया गेली, आणि प्रेक्षक उठून नॅसकारकडे, म्हणजे स्टॉक कारच्या रेसकडे, गेले ते गेलेच. मालिका आज जिथे आहे तिथे ती त्या बारा वर्षांमुळे आहे.

म्हणून चार्टर २५ म्हटल्यावर माझ्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो, आकडासुद्धा तोच.

यात रॉजर पेन्स्केंची गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२० पासून स्पीडवे त्यांचा, मालिका त्यांची आणि त्यात धावणारी टीम पण त्यांची. या माणसाने कोविडमध्ये रिकाम्या स्टँडसमोर रेस घेतली, स्पीडवेवर खर्च केला, त्यांच्याशिवाय आज हे सगळं कुठे असतं सांगता येत नाही. पण २०२४ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांच्या टीमच्या गाड्यांत पुश-टू-पास (ओव्हरटेकसाठी जादा ताकद देणारं बटण) नको तेव्हा चालत होतं म्हणून न्यूगार्डनचा विजय काढून घेतला, २०२५ ला इंडीच्या क्वालिफायिंगमध्ये गाडीच्या मागच्या अटेन्युएटरमध्ये (धडकेचा झटका शोषणाऱ्या भागात) बदल सापडला, दोन गाड्या शेवटच्या रांगेत पाठवल्या आणि टीमचे तीन वरिष्ठ लोक काढले. त्यानंतर गाड्यांची तपासणी आणि निकाल स्वतंत्र मंडळाकडे द्यायचं ठरलं. हे फार आधी व्हायला हवं होतं, उशिरा झालं तरी योग्यच झालं. आणि १९९५ ची मे महिन्याची आठवण खुद्द पेन्स्केंनाच सगळ्यात जास्त असणार. १९९४ ला त्यांच्या मर्सिडीज इंजिनाने बाकीच्यांना धूळ चारली, आणि पुढच्याच वर्षी गतविजेता अल अन्सर ज्युनियर आणि दोनदा जिंकलेला इमर्सन फिटिपाल्डी, दोघेही क्वालिफाय झाले नाहीत. एवढी मोठी टीम सामान बांधून घरी गेली. बॉबी राहलचं घराणं बघा, वडील १९९३ ला बंप, मुलगा ग्रॅहम २०२३ ला बंप, तेही वडिलांच्याच टीममधल्या दुसऱ्या गाडीकडून. तिथे कोणाचं नाव चालत नाही, म्हणून तर लोक शंभर वर्षांहून जास्त काळ येतायत.

आमच्या कोलंबसला तर हे विशेष माहीत असायला हवं. कंपनीचा संस्थापक क्लेसी कमिन्स १९११ च्या पहिल्याच इंडी ५०० ला रे हॅरूनच्या मार्मन गाडीच्या पिट क्रूमध्ये होता, १९३१ ला त्याच्या डिझेल गाडीने एकदाही न थांबता पाचशे मैल पूर्ण केले, आणि १९५२ ला फ्रेड अ‍ॅगाबेशियनने कमिन्सची टर्बो डिझेल पोलवर, म्हणजे पहिल्या जागेवर, नेली. रेसमध्ये टर्बोच्या तोंडात रबराचा कचरा अडकून ती थांबली ते सोडा. ट्रकची इंजिनं बनवणारी कंपनी शेजारच्या गावातून येते आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहते, हे दार उघडं होतं म्हणून झालं. पुण्यात कमिन्सचा बोर्ड बघत मोठा झालेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते पुणेकरांना सांगायला नको.

ओव्हलचं थोडक्यात सांगतो. टेक्सासला १९९७ पासून दरवर्षी रेस होती, २०२३ नंतर नाही. आयोवा २०२६ पासून गेलं. त्याबदल्यात फिनिक्स परत आलं, मिलवॉकी २०२४ लाच परत आलं होतं, त्यामुळे सगळंच काळं नाहीये. पण नवीन जे येतंय त्यात आर्लिंग्टनसारखी स्टेडियमभोवतीची स्ट्रीट रेस, शहरात पार्टी, मागे संगीत, लोक येतात आणि पैसे पण येतात. मला त्याच्याशी भांडायचं नाही, लाँग बीचची स्ट्रीट रेस तर मला फार आवडते. फक्त एफ-वनची धाकटी बहीण व्हायच्या नादात ओव्हल तीन-चारवर आले तर ओव्हलचं ड्रायव्हिंग शिकणार कुठे, आणि मग मे महिन्यात ३३ गाड्यांत घाबरलेलेच ड्रायव्हर जास्त असतील. हायब्रिड, इंजिन, टीव्ही यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे, या दोन गोष्टींवर मात्र मी हटणार नाही: सहा तरी ओव्हल, आणि इंडीला एकही जागा राखीव नको.

आणि रेसचं तिकीट मिळत नाही म्हणून येत नाही असं जे म्हणतात त्यांना, क्वालिफायिंगच्या शनिवार-रविवारी या. तिकीट त्या मानाने स्वस्त असतं, बसायला जागाच जागा असते, कूलर आत नेता येतो, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. आदल्या दिवशी आमच्याकडेच उतरा, सकाळी लवकर निघू, म्हणजे पहिल्या वळणाच्या सावलीतल्या सीट मिळतील. त्या वर्षी ३४ व्या गाडीचं नाव लागलंय का तेवढं मात्र आधी बघून घ्या.