छिद्रं मोठी, मग व्हायरस अडकतो कसा?

पाण्यातल्या विषाणूंवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'फिल्टरची छिद्रं व्हायरसपेक्षा मोठी असतात म्हणे. मग तो अडकतो कसा?'

बऱ्याच फिल्टरांची असतात खरी. पोलिओचा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा आणि आम्ही प्रयोगशाळेत वापरतो त्या मेम्ब्रेनची, म्हणजे गाळायच्या पातळ पडद्याची, छिद्रं ४५० नॅनोमीटरची. नुसतं गाळायचं म्हटलं तर तो आरपार निघून जाईल. तरी सांडपाण्यातले विषाणू आम्ही त्याच मेम्ब्रेनवर पकडतो, कारण इथे काम करतो तो विद्युतभार.

पोलिओसारख्या विषाणूंचं बाहेरचं कवच प्रथिनांचं असतं. साध्या पाण्यात बहुतेकांच्या कवचावर ऋणभार असतो. मेम्ब्रेनवरही ऋणभारच, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. म्हणून नमुन्यात आधी मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं, मग ढवळत ढवळत थेंबाथेंबाने आम्ल टाकून पीएच ३.५ वर आणायचा. कवचाचा भार पालटतो आणि विषाणू चिकटतो. सोडवायचा असेल तर वरून बीफ एक्स्ट्रॅक्टचं (गोमांसाच्या अर्काचं) ९.५ पीएचचं द्रावण ओतायचं. भार पुन्हा उलटतो, विषाणू सुटून खालच्या नळीत उतरतो आणि पेशींवर टाकला की संसर्गही करतो. चिकटला म्हणजे मेला, असं कृपा करून समजू नका.

वाळूही ऋणभारितच. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर दिला की पृष्ठभाग धनभारित होतो आणि आम्ल न घालताही विषाणू धरला जातो. युक्ती स्वस्त आहे आणि मला मनापासून आवडते. पण पालापाचोळा कुजून पाण्यात उतरणारी ह्युमिक आम्लंही ऋणभारितच असतात. ती जागा अडवून बसतात. फिल्टर दिसायला तसाच, पकड मात्र गेलेली.

मातीचंही तसंच. शोषखड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्यात क्षार असतात, त्यांच्या आधाराने विषाणू मातीच्या कणांना धरून राहतात. जोराचा पाऊस मुरला की क्षार विरळ होतात, विषाणू सुटतात आणि भूजलाबरोबर विहिरीकडे निघतात. शोषखड्डा जवळ असलेल्या विहिरीचं पाणी म्हणूनच पावसाळ्यात उकळून प्या, असं मी घरोघरी सांगते. आणि फिल्टर घ्यायला गेलात तर विक्रेत्याला एवढं विचाराच: विषाणूंची चाचणी कोणत्या पाण्यावर केली होती, किती पीएचच्या, किती गढूळ?