हात लावू नका

मंगळवार, २३ डिसेंबर. रात्र.

देवदूत मेंढपाळांना काय म्हणाला, ते आमच्या घरात रविवारपासून बदललं आहे.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, चौथा रविवार. चौथी मेणबत्ती लावून झाली, जेवणं झाली, मी हॉलमध्ये जरा आडवा झालो. गॅलरीत नाताळच्या गोठ्यापाशी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यापाशी, दोघा पोरांचं काहीतरी चाललं होतं. आवाज येत होता म्हणून निश्चिंत होतो. पोरं गप्प झाली की उठायचं, एवढं सहा वर्षांत शिकलोय. बायने, म्हणजे लेकीने, तारेला टांगलेला देवदूत काढून घेतला होता. छोटूच्या पुढ्यात सात मेंढरं. देवदूत ग्रिलवरून झूं करत आला, मेंढरांच्या डोक्यावर थांबला आणि गरजला, "ए मेंढपाळांनो! हात लावू नका! तुटेल! शंभर वेळा सांगितलंय!"

आणि छोटूने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

खेळ म्हणून घेतले असते तर मी हसलो असतो. पण तो खेळत नव्हता. 'हात' हा शब्द ऐकला की त्याचे हात मागे जातात, एवढंच. तीन वर्षांचा आहे.

मी उठून गेलो. आवाज शक्य तितका गोड करून बायला विचारलं, देवदूत खरं काय म्हणाला होता गं? ती म्हणाली, "हात लावू नका." मी म्हटलं, आणि 'भिऊ नका'? रविवारच्या वर्गात सिस्टरांनी शिकवलंय ना? तिने जरा विचार केला. "ते पण म्हणाला. पण नंतर."

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. काल संध्याकाळी मोजलं. ऑफिसातून आल्यापासून जेवायला बसेपर्यंत मी अकरा वेळा 'हात लावू नको' म्हणालो. त्यातले चार वेळा तर पोरं गोठ्याच्या आसपासही नव्हती. एकदा ही, म्हणजे बायको, फ्रिज उघडत होती, तिलाच म्हणालो.

आता माझीही बाजू लिहितो, कारण घरात ती ऐकायला कुणी मोकळं नाही. १ तारखेपासून रात्री जेवण झालं की मी गॅलरीत. वाडीत होतो तेव्हा खळ्यात आठ फुटी गोठा व्हायचा, खऱ्या मातीचा, छपराला केळीची सुकी पानं. आता दुसऱ्या मजल्यावर चार बाय अडीचची जागा, त्यातही वॉशिंग मशीन. खाकी कागद चुरगळून, खळ लावून, काळा-करडा रंग देऊन डोंगर केले. पेंढा मावसभावाकडून आणला, तोही लोकलने, विरारच्या गर्दीत पिशवी डोक्यावर धरून. एका बाईने विचारलं, म्हैस कुठे ठेवता? १२ तारखेला ट्रेमध्ये नाचणी पेरली. पहिले चार दिवस ओलं फडकं घालून ठेवली, मग उघडी केली, सकाळ-रात्र पाणी मारलं. आज तीन बोटं वर आली आहे, पोपटी, अशी दाट की आतलं काही दिसत नाही. आरशाचं तळं, काठाला वाळू. थर्माकोल २०१८ साली बंद झाल्यापासून बेथलेहेमची घरं पुठ्ठ्याची करतो, ब्लेडने एकेक खिडकी कापून. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे.

आणि पुतळे बाबांचे. प्लास्टरचे, वांद्र्याच्या हिल रोडवरून आणलेले, माझ्या आधीपासूनचे. योसेफाच्या झग्याचा रंग बाबांनी दोनदा दिलेला, मी एकदा. गाढवाला एक कान नाही.

हे सगळं कुणासाठी? कुणीही विचारलं की मी सांगतो, पोरांसाठी. पोरं कुठे आहेत? सोफ्यापाशी, हात मागे बांधून.

रविवारच्याच मिस्सात फादरांनी गोठ्याची गोष्ट सांगितली होती. तेव्हा मी अर्धा झोपेत होतो, घरी येऊन जागा झालो. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीत ग्रेचोला पहिल्यांदा हा देखावा केला. पुतळेबितळे काही नव्हते. गव्हाण, तिच्यात चारा, खरा बैल, खरं गाढव. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीतच, हे मला आधीपासून माहीत होतं (लूक फक्त गव्हाणीचं बोलतो, ती जनावरं मागून आली, यशयाच्या पुस्तकातून). पण पुढचं माहीत नव्हतं. त्या गव्हाणीतला चारा म्हणे लोकांनी जपून घरी नेला आणि आजारी गुरांना खाऊ घातला. म्हणजे पहिल्याच गोठ्याला सगळ्या गावाने हात लावला. हात लावला काय, खाल्ला. फ्रान्सिसला राग आला असं कुठे ऐकलं नाही. त्याला युवक मंडळाची स्पर्धा नव्हती.

स्पर्धेचं नंतर. गेल्या वर्षीचं उत्तेजनार्थ अजून पचलेलं नाही. पहिला नंबर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या गोठ्याला गेला, कारण त्यात 'संदेश' होता. असो.

काल रात्री ही कुलकुल करायला बसली. जमिनीवर पेपर पसरला, नारळाच्या दुधात मळलेल्या मैद्याचा गोळा मध्ये ठेवला, बायला काटा दिला, छोटूला नवा कोरा कंगवा. सुपारीएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळत सोडवायची, म्हणजे रेघारेघांचा शंख होतो. हिचे शंख एकासारखे एक. बायचे लांबट, सुरवंटासारखे. छोटू गोळी दाबायचा, उचलून बघायचा, पुन्हा दाबायचा, मध्येच नाक पुसायचा, पुन्हा दाबायचा. त्याच्या एका कुलकुलला पंधरा मिनिटं लागली आणि तोवर तो राखाडी झाला होता. माझ्या तोंडात शब्द आलेच होते. हिने बघितलं फक्त. मग तो राखाडी कुलकुल सगळ्यांबरोबर कढईत सोडला. वर आला तेव्हा इतरांसारखाच बदामी. कुठला त्याचा, ओळखू येईना. छोटूला मात्र येत होता. "माझा, माझा," करत त्याने तो फुंकून फुंकून खाल्ला.

मी म्हटलं, त्याचे हात तरी धुवायचे. ही म्हणाली, "अरे, उकळत्या तेलात काय राहतंय?" आणि झारा निथळता निथळता, माझ्याकडे न बघता, "तुझा नाताळ बघायचा असतो. माझा खायचा."

झोप लागली नाही. तेरा वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने कधीपासून तयार ठेवलं असेल?

मला वाटलं, बाबांचं काय होतं? ते ओरडायचे का? मला माती आठवते. पायांनी तुडवायची असायची ती, थंडगार, विहिरीच्या पाण्यातली. सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आठवतात, काम झालं की एकेक मिळायचं. ओरडणं आठवत नाही. शेवटच्या वर्षी खुर्चीत बसून त्यांनी फक्त बोटाने दाखवलं होतं, हे इथे, ते तिथे... ते राहू दे.

थोरल्याला विचारलं. त्याच्याकडे कॅनडात सकाळ होती. दर नाताळात तो बर्फातल्या झाडाचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, 'तुझा गोठा पाठव, बाबांची आठवण येते.' (वाडीचं नाव निघालं की मग दोन दिवस उत्तर नाही. तोही विषय इथे नको.) मी टाकलं, बाबा गोठा करताना आपल्याला ओरडायचे का रे? उत्तर लगेच आलं. 'तुला नाही. तू शेंडेफळ. मला तर जवळ येऊ द्यायचे नाहीत.'

मी लिहिलं, तू गाढवाचा कान तोडलास म्हणून असेल.

बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, 'कान तू तोडलास. चार वर्षांचा होतास. मार मी खाल्ला.'

आणि खाली हसरा चेहरा. एकच.

आता मी काय करू? सहा वर्षं माझ्या पोरांना सांगत आलोय की हा कान मोठ्या पप्पांनी तोडला, म्हणून कुणी हात लावायचा नाही. बायने तर शाळेत निबंधवजा पाच ओळींत लिहिलंय ते. कॅनडातला माणूस आमच्या घरी दर डिसेंबरला आरोपी असतो, आणि गुन्हेगार ऑफिसातून येऊन नाचणीला पाणी मारतो.

खरं सांगायचं तर वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग एकटाच गॅलरीत हसलो. म्हणजे मला हात लावू दिला होता. तोडूही दिला होता. आणि हे मी असं साफ विसरलो की चाळीस वर्षं आनंदात काढली.

सोमवारी येताना स्टेशनबाहेरून एक उपाय आणला होता, ते लिहायचं राहिलं. रबरासारख्या कसल्यातरी प्लास्टिकचा छोटा संच, साडेतीनशे रुपये, आपटला तरी तुटत नाही. मोठ्या औदार्याने दोघांपुढे ठेवला. हा तुमचा गोठा, काय हवं ते करा. बायने मरियामातेला उलटसुलट करून बघितलं, वास घेतला. "हा खोटाय," म्हणाली. प्लास्टरचा कसा खरा, हे मला विचारायचं होतं. पण ती बरोबर बोलत होती.

आताच जाऊन सात मेंढरं उचलून आणली. उद्यापासून मेंढरं त्यांची. बाकी माझं. एवढं जमेल बहुतेक.

गुरुवार, २५ डिसेंबर. दुपार, सगळे झोपलेत.

एवढंसुद्धा नीट जमलं नाही. काल सकाळी घोषणा केली तेव्हा छोटूने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मेंढराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. हात मागेच. मी स्वतः एक मेंढरू त्याच्या मुठीत दिलं. पाच मिनिटांनी बायला विचारतो, "पप्पा आजारी आहे?"

दुपारपर्यंत एक मेंढरू फ्रीजरमध्ये (बर्फात, कॅनडाला गेलंय), एक हिच्या मिस्साच्या चपलेत, दोन पिवळ्या जेसीबीच्या बकेटमध्ये. तो जेसीबी गोठ्यासमोर, नाचणीत. मी काढायला गेलो तर छोटू म्हणाला, रस्ता करतोय, राजे येणार. वसईत कुणीही येणार म्हटलं की आधी जेसीबीच येतो, त्याचं चूक नाही. राहू दिला.

आणि नेमके चार वाजता परीक्षक. युवक मंडळाची तीन पोरं, वही, पेन, मोबाईल. एकाने वाकून बघितलं. "अंकल, मेंढपाळ आहेत, मेंढरं?"

म्हटलं, चरायला गेलीत.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, "जेसीबी म्हणजे विकासावर संदेश आहे का?" मी हो म्हणणार होतो. गेल्या वर्षीचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात बाय मधे पडली, "तो माझ्या भावाचाय." संपलं. कुलकुल खाऊन गेले. बायने त्यांना गाढवाच्या कानाची गोष्टही सांगितली, आणि मी तिथेच उभा होतो. थोरल्याची बाजू घ्यायची ती संधी होती, तीही घालवली. आज व्हिडिओ कॉल आहे. बघू.

रात्री मिस्साला निघायच्या आधी मोजली. सहा सापडली. सातवं नाही. सोफ्याखाली, मशीनमागे, पिठाच्या डब्यात. मी काही बोललो नाही. अगदी शपथेवर, एक अक्षर नाही. ही म्हणाली, तुझा चेहराच ओरडतोय.

मैदानावर थंडी बरी होती यंदा. गौरवगीताला सगळ्या घंटा वाजल्या तरी छोटू माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला. कम्युनियनच्या रांगेत पुढे सरकताना गळ्याच्या हाडाला काहीतरी टोचायला लागलं. आधी वाटलं स्वेटरचं बटण. मान वळवून बघितलं तर त्याची मूठ, आणि मुठीतून बाहेर आलेलं मेंढराचं तोंड.

हळूच काढून खिशात ठेवावं म्हणून बोटं सोडवायला गेलो. झोपेतही सोडेना. मग तसाच पुढे गेलो. फादरांनी माझ्या जिभेवर कम्युनियन दिलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, मेंढरू बघितलं आणि काही बोलले नाहीत.

घरी येऊन बायने बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं. मी दिवे लावायच्या निमित्ताने पाठ करून उभा राहिलो, मला बघवत नव्हतं. नीट ठेवलं तिने. जरा वाकडं, पण नीट.

छोटूची मूठ बिछान्यात सुटली. मेंढराचा मागचा एक पाय नाही. मैदानात पडला असणार कुठेतरी, हजार माणसांच्या चपलांखाली. उभं राहिना, म्हणून त्याला गाढवाला टेकवून ठेवलंय, कान नाही त्या बाजूला.