मी जेवले का गं?

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

सकाळी साडेअकराला आईला साबुदाण्याची खिचडी आणि वाटीभर दही दिलं. तिने बशी चाटूनपुसून साफ केली. बारा वाजून गेले असतील, मी भगर धुवत होते, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"आज एकादशी ना गं? मग फराळाचं काहीच केलं नाहीस?"

"आई, आत्ताच खिचडी खाल्लीस."

"मी? छे!"

मी मोरीतली बशी काढून दाखवली, कडेला दोन साबुदाणे चिकटलेले. तिने आधी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उलटतपासणीत खोटी पडलेल्या साक्षीदारासारखा तिचा चेहरा झाला. बशी दाखवायला नको होती.

एक वाजता भगर आणि दाण्याची आमटी झाली. अडीचला पुन्हा दारात.

संध्याकाळी दादाचा फोन आला, त्याला सांगितलं तर हसत सुटला. "एकादशी अन् दुप्पट खाशी! अगं, म्हातारपणी जीभ सुटते. फार चोचले पुरवू नकोस तिचे." त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मला कळतं. तरी फोन ठेवल्यावर रागच आला. चोचले? सगळ्यांची पानं उठल्यावर ही बाई जेवायला बसायची. भाजी उरली तर भाजी, नाहीतर लसणाच्या चटणीशी भाकरी. आणि एक भाकरी नेहमी दुरडीत झाकून, कुणी आलं-गेलं तर असावी म्हणून. "मला भूक लागलीय" हे तिच्या तोंडून मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. आता दिवसातून पाच-सहा वेळा ऐकते.

उपास करायला मला तिनेच शिकवलं. मी नववीत असेन. दुपारी बारा-साडेबाराला पोटात कालवायला लागलं की ती म्हणायची, "थोडी कळ काढ. दोनपर्यंत भूक मरते, मग संध्याकाळपर्यंत कटकट नाही." आणि खरंच मरायची! पोटात काही न जाता मरायची, याचं तेव्हा नवल वाटायचं. त्यामागे काय आहे ते १९९९ मध्ये कळलं. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना जठरातून रक्तात येणारं एक संप्रेरक सापडलं, त्याचं नाव ग्रेलिन. रोजच्या जेवणाची वेळ झाली की ते वाढतं, जेवलो की उतरतं. गंमत म्हणजे नाही जेवलो तरी, वेळ टळून गेली की काही वेळाने आपलं आपण उतरतं. रोजच्या वेळेला दार वाजवायचं आणि कुणी उघडलं नाही तर निघून जायचं. आईला ग्रेलिन ठाऊक नव्हतं, दोनचा आकडा मात्र पक्का ठाऊक होता.

९ जुलै, बुधवार

काल रात्री आई दोनदा उठली, एकला आणि साडेतीनला. तिला झोपवून मी फ्रीज उघडला. पाहुण्यांसाठी आणलेले कंदी पेढे होते. चार खाल्ले, उभ्या उभ्या, फ्रीजच्याच उजेडात. पहिला छान लागला. चौथ्याची चवसुद्धा आठवत नाही, पण हात जात होता.

मिशिगनमधले केंट बेरिज यांनी उंदरांवर काम करून हेच वेगळं काढून दाखवलं आहे: आवडणं निराळं आणि हवंसं वाटणं निराळं. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या तोंडात गोड थेंब सोडला तर तो आवडीने ओठ चाटतो. समोर अन्न ठेवलं तर मात्र उठून खायला जात नाही, भरवलं नाही तर उपाशी मरेल. माझं काल रात्री बरोबर उलटं झालं होतं. आवड दुसऱ्या पेढ्यालाच संपली होती, ओढ तेवढी उरली होती.

आणि झोप. महिनाभर मी सलग चार तासांपेक्षा जास्त झोपलेली नाही. २००४ मध्ये शिकागोला बारा तरुण, धडधाकट पुरुषांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री चारच तास अंथरुणात, आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर त्यांच्या रक्तातलं 'पुरे' म्हणणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी भरलं, ग्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त. आणि भूक वाढली ती काही पालेभाजीची नाही. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. दोन रात्रींत हे. माझी तर तिसावी.

वाचून हलकं वाटलं, हे लिहून ठेवते. उरलेले पेढे तरीही शेजारी देऊन टाकले.

१० जुलै, गुरुवार

स्टाफरूममध्ये सध्या एकच विषय: वजन कमी करायचं ते इंजेक्शन. आमच्यातल्या एकीने सुरू केलंय. म्हणते, "मॅडम, डोक्यात सारखं खाण्याचं चालू असायचं ना, ते बंदच झालं." जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक येतं, पण रक्तात दोन-तीन मिनिटांत त्याचं विघटन होतं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात तसाच, पण टिकाऊ रेणू सापडला. त्यावरून २००५ मध्ये मधुमेहावरचं या प्रकारचं पहिलं औषध आलं, हे हल्लीचं इंजेक्शन त्याच्याच पंगतीतलं. पालीला बघून किंचाळणारी आमची मैत्रीण सरड्याची कथा ऐकून गप्प झाली. मला मात्र तिचं वाक्य दिवसभर पुरलं. "बंदच झालं." इतकी वर्षं ती स्वतःला हावरी म्हणवून घेत होती.

१३ जुलै, रविवार

दिवसभर पाऊस. आई दुपारी झोपली, म्हणून बसले वाचत.

मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसची कार्ये: भूक, तहान, शरीराचे तापमान इत्यादी. एका गुणाचा प्रश्न. या 'इत्यादी'च्या आधी काय काय दडलंय ते मीही कधी नीट पाहिलं नव्हतं. हायपोथॅलॅमसच्या तळाशी चेतापेशींचे दोन गट शेजारी शेजारी असतात, एक 'खा' म्हणणारा, दुसरा 'पुरे' म्हणणारा. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन पहिल्याला दाबतं, दुसऱ्याला उठवतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडला. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांना १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं तेव्हा लठ्ठपणाचं औषधच हाती लागलं असं वाटलं होतं. लागलं नाही, कारण बहुतेक लठ्ठ माणसांत ते आधीच भरपूर असतं. मेंदूच ऐकेनासा झालेला असतो. जन्मतःच लेप्टिन तयार न होणारी मुलं मात्र असतात, फार थोडी. ती सतत भुकेने रडतात, चोरून खातात. केंब्रिजमध्ये अशा एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिन टोचायला सुरुवात केली आणि तिची ती भूक ओसरली. त्याआधी तिला घरीदारी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल!

२०११ मधला आणखी एक प्रयोग. उंदीर पोटभर जेवलेला. 'खा' म्हणणाऱ्या त्याच्या चेतापेशी बारीक तंतूतून प्रकाश सोडून जाग्या केल्या. काही मिनिटांत तो पुन्हा खाण्यावर तुटून पडला. दादाला सांगायला हवं. म्हणेल, आपली आई काय उंदीर आहे का?

पण आईचं कोडं यातल्या कशानेच सुटत नाही. तिच्या जठराला जेवण मिळालेलं असतं, संप्रेरकंही आपलं काम करत असणार. तरी तिला भूक असते. मग हेन्री मोलेसनबद्दल वाचलं. १९५३ मध्ये फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतला, आठवणी साठवणारा भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकला. त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. पुढे त्याला विचारत गेले, शून्य ते शंभरात भूक किती? जेवणाआधीही तो पन्नास म्हणे, जेवणानंतरही पन्नास. १९९८ मध्ये अमेरिकेतच पॉल रोझिन यांनी अशाच स्मृती गेलेल्या दोघांना, जेवून दहा ते तीस मिनिटं झाल्यावर पुन्हा तेच जेवण वाढलं. दोघेही जेवले. बहुतेक वेळा तिसऱ्यांदाही.

म्हणजे 'माझं जेवण झालं' हे पोट एकटं सांगत नाही. जेवल्याची आठवणही सांगते.

पन्नास वाचलं आणि आईचं उत्तर आठवलं. भूक आहे का विचारलं की ती हल्ली एकच म्हणते, "तशी आहे."

१४ जुलै, सोमवार. संकष्टी

आज मी तिला संकष्टी आहे हे सांगितलं नाही. कॅलेंडरातला लाल गणपती दिसू नये म्हणून त्यावर दूधवाल्याचा हिशेबाचा कागद टोचला. जिने साठ वर्षं चंद्रोदयापर्यंत तोंडात काही घातलं नाही, पावसाळ्यात चंद्र दिसत नाही म्हणून कॅलेंडरातली वेळ प्रमाण मानून मोदक केले, तिचा उपास मी चोरून मोडला. तिच्या वाटचा आपण धरावा असंही सकाळी मनात आलं. मग अडीच वाजता स्टाफरूममध्ये बटाटेवडे आले.

दोन दिवसांपासून एक बदल केलाय. तिचं ताट अर्धंच वाढते. अर्धी भाकरी, अर्धी वाटी भाजी, थोडा भात. उरलेलं झाकून ठेवते. अर्ध्या तासाने ती दारात आली की "आत्ताच जेवलीस ना" म्हणायचं नाही. "बस, वाढतेच आहे," म्हणायचं. भाकरी तेवढीच, चेहरा पडत नाही. आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक. आपलंच खरं करायच्या नादात होते बहुतेक.

रात्री नऊला दुसरं अर्धं ताट वाढलं आणि मीही माझं घेऊन शेजारी बसले. ती हळूहळू जेवत होती. बाहेर पाऊस, चंद्राचा पत्ता नाही. एकदा तिने खिडकीकडे पाहिलं आणि माझ्या छातीत धस्स झालं, पण ती काही बोलली नाही. मग माझ्या ताटात पाहिलं.

"तो पापड खाणार आहेस का तू?"

"का गं?"

"नसशील तर दे मला."

मी सगळा पापड दिला. तिने अर्धा मोडून ठेवला नाही, कुणासाठी झाकला नाही. कुडुमकुडुम सगळा खाल्ला.